दोर न सोडनारा खलाशी

होडीत पाय ठेवेपर्यंत मले कामाचे असे दोनच पानी माहीत होते. एक इहिरीतलं, अन दुसरं वांग्याच्या सरीतलं. सरीतलं घोट्याले लागे, अन इहिरीतलं उन्हाळ्यात दिसे पन हाताले येत नसे. असा मानूस समुंदरात शिडाच्या होडीच्या शर्यतीत बसला होता, हे सांगतलं का लोकं पयले माह्या तोंडाचा वास घेतेत.

अमरावतीले वडाळीच्या तलावाकडं आमचा मळा. वांगे, मेथी, सांबार म्हंजे कोथिंबीर, अन बांधाच्या कडेनं झेंडू. साळा मी पाह्यली, पन बाहेरून. मास्तरच्या घरी भाजीची पाटी घेऊन जाओ तवा. आंदरून जे बाराखडीचे आवाज येत, ते मले कावळ्याच्या शाळेसारखे वाटत. मास्तर म्हने, "बस ना आंदर." मी म्हनो, "मेथी सुकते." असं मेथीपायी माहं शिक्षन राह्यलं.

एक काम मातर मले येत होतं. उन्हाळ्यात इहिरी आटल्या का त्याच्यातला गाळ काढाले मानूस खाली उतरवतेत. त्याच्या कमरेले अंबाडीचा दोर, अन तो दोर वर धरून एक जन उभा. तो वरचा जन म्हंजे मी. या कामाले अक्कल कमी लागते अन बूड जड लागते, म्हनून आसपासच्या दहा मळ्यात मलेच बलावत.

असाच एक डाव एका संत्र्याच्या बगीच्यात दोर धरून उभा होतो. बगीचेवाल्याचे जावई अकोल्याचे बालिस्टर. इलायतेत शिकून आल्ते. दुसरे लोकं तिकून कायदा घेऊन येतेत, यायनं कायद्यासंगं शिडाच्या होडीचा नादही आनला होता. ते आले अन माह्या हाताकडं पाहत घटकाभर बसून राह्यले. मले वाटलं, कोर्टाचा मानूस हाये, कोनाचा तरी पंचनामा करून राह्यला असन.

मंग म्हनाले, "काय हो, हा दोर किती वेळ धरून ठेवता?"

"खालचा मानूस वर येईस्तोवर."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर माहं जेवन इथंच आनाले लागन, साहेब."

ते हासले. मंग त्यायनं सांगतलं का मुंबईले समुंदरात हौशी लोकायची शर्यत होते, अन त्याच्यासाठी होडीत दोर धराले एक मानूस पायजे. मी म्हनलं, तथी तं कोळी हायेत, खलाशी हायेत, त्यायले काहून नाही घेत? तं म्हने, पोटासाठी होडी चालवनाऱ्याले या शर्यतीत बसू देत नाहीत. ज्याचा तो धंदा नाही, तोच पायजे.

म्हंजे ज्याले काही येत नाही तो पायजे. मी म्हनलं, "मंग साहेब, माह्यापेक्षा पक्का मानूस तुमाले अख्ख्या वऱ्हाडात भेटनार नाही."

हे सारं मी हासन्यावारी नेलं असतं, पन जाता जाता ते एक बोलून गेले अन मी त्या दिवसापासून कामातून गेलो. ते म्हनले का शिडाची होडी वाऱ्याच्या उलटी जाते. अन तेही वाऱ्याच्याच जोरावर.

आता तुमीच सांगा. मी तिव्यावर, त्या तीन पायाच्या घोडीवर, उभा राहून आयुष्यभर तूर उफनली. कोंडा वाऱ्यासंगं जाते. कधी कधी माह्या तोंडावर येते, पन ती माह्या उभं राह्यची चूक, वाऱ्याची नाही. मी तलाठ्याले इचारलं, पुराण सांगनाऱ्या महाराजाले इचारलं, बाजारात कापडवाल्याले इचारलं. कोनी म्हने खोटं हाये, कोनी म्हने इंग्रजायची करनी हाये. बायको म्हने, "जाऊन पाहा ना मंग. इथं तरी काय उजेड पाडून राह्यले?" म्हनून मी गेलो.

होडी अकोल्याले बनली होती. तिथल्या जिनिंगमदला एक मिस्त्री होता, बालिस्टर साहेबाच्या जिवाभावाचा. इलायती चित्र समोर ठेवून त्यानं ती सागवानात घडवली. पन उन्हाळ्यात मोर्णा नदीत पाय धुवाले पानी नाही, होडी कुठी फिरवाव? म्हनून बैलगाडीवर घालून ती अमरावतीले आनली. रस्त्यात एका गावी मुक्काम पडला, तं लोकायनं इचारलं, एवढी मोठी डोन कोनाच्या ढोराले पानी पाजाले? अन खरंच पाटलाच्या म्हशीनं तिच्यात तोंड घालून पाह्यलं. तिले आंदर काही भेटलं नाही. माह्यावानीच तिची निराशा झाली असन.

रयवारी रयवारी आमी तलावावर जमू लागलो. आमी तिघं. मागं सुकानू धरून बालिस्टर साहेब, समोर लहान शिडाजवय मिस्त्री, अन मधात मोठ्या शिडाचा दोर धरून मी.

"काम सोपं आहे," साहेब म्हनले. "दोर ओढून धरायचा. वाऱ्याचा झपाटा आला की होडी कलते. मी 'सोड' म्हणालो की दोर सोडायचा. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

मले वाटलं, याच्यासाठी मानूस इलायतेले काहून गेला?

होडी निंघाली, अन मले उत्तर भेटलं. होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिरपी जाते. घडीभर उजवीकडं, मंग वळून घडीभर डावीकडं. चिखलदऱ्याच्या घाटात भरली गाडी कशी चढते? सरळ नेली तं बैलं मरतीन, म्हनून रस्ताच वाकडा वाकडा नेला हाये. तसंच. वारा म्हंजे चढ. मी तोंड उघडं टाकून पाहत राह्यलो. समोरचा किनारा, जिकून वारा येऊन राह्यला, तोच जवय येऊन राह्यला! तोंडावर वारा, आंगावर पान्याचे शिंतोडे, अन बुडाखाली ते लाकूड असं थरथरे जसं नवं वासरू हात लावल्यावर थरथरते.

तेवढ्यात झपाटा आला.

"सोड!" साहेब म्हनले.

मी दोर आवळला.

"अरे, सोड!"

आजून आवळला.

"छोड दे भाऊ! छोड ना!" मिस्त्री वरडला. साहेबानं इंग्रजीत बी काही तरी म्हनलं. तीन भाषेत सांगतलं, पन माह्या हातानं एकही आयकली नाही. होडी आडवी झाली अन आमी तिघं पान्यात.

मले पोयता येते, पन मी इहिरीत शिकलो. इहिरीत पोयनारा गोल पोयते, त्याले सरळ जागाच कुठी असते? मी होडीभोवती गोल फिरू लागलो. हातात दोर तसाच. मिस्त्री उलट्या होडीवर बसून दाढी पिळत होता. म्हने, "तीन फेरे हो गये भाऊ. सात झाले का लगन लागन तिच्यासंगं."

दुसऱ्या रयवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रयवारी पुन्हा. दर डाव मी घरून ठरवून येओ का आज सोडाचा. अन झपाटा आला का बोटं अशे बंद होत जसं कोनी कुलूप लावलं.

तिसऱ्या डावानंतर साहेब वल्ल्या कपड्यानं किनाऱ्यावर बसले. रागावले नाहीत, तेच मले जास्त लागलं. म्हनले, "हे पाहा, तुम्ही माणूस चांगले आहात. पण समुद्रात असं केलं तर तिघंही जाऊ. पुढच्या रविवारी अकोल्याचे एक ड्रिल मास्तर येत आहेत. त्यांना हुकूम ऐकायची सवय आहे."

मी म्हनलं, "बराबर हाये साहेब." अन धोतर पिळत घरी आलो.

लोकं हासतीन याचं मले काही नव्हतं. मी सगळ्याले सांगून बसलो होतो का समुंदरावर चाललो, तं लोकं हासतीनच. अन लोकायले हासवनं हे तं मी फुकटात करत आलो. पन ते तोंडावर वारा घेऊन वाऱ्याकडंच जानं, ते मले पुन्हा पायजे होतं. तलावात किनारा लवकर येते. नीट समजाच्या आदीच संपून जाते. समुंदरात ते कसं वाटत असन? हे पाह्यल्याबिगर घरी वांगे तोडत बसनं आता माह्याच्यानं होनार नव्हतं. अन मधात होता माहाच हात.

हाती एक आठवडा होता. मी हाताले शिकवाचं ठरवलं. घरच्या इहिरीवर भरली बादली दोराले टांगून धरली अन बायकोले म्हनलं, "तू सोडा म्हन."

"सोडा."

मी उभा.

"सोडा ना वो!"

"सोडतोच हाये."

"कुठी सोडून राह्यले? बोटं पांढरे पडले!"

दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी मी डोये गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं अन सोडला. बादलीही गेली, दोरही गेला, अन मांगं सरकाच्या नादात मी वांग्याच्या वाफ्यात बसलो. शेजाऱ्याच्या घरून गळ मांगून आनून तिनं बादली काढली. काढता काढता म्हने, "तुमचा हात काहून सुटत नाही, हे तुमाले खरंच माहीत नाही का?"

माहीत कसं नाही? पन त्याच्यावर मी कधी हासवत नाही, म्हनून बोलतही नाही.

लगनाच्या आदीची गोठ हाये. ऐन जवानीत एका इहिरीवर दोर धरून उभा होतो. खाली तिचे आबा, म्हंजे तवा माहे कोनीच नाही. मानेवर गांधीलमाशी चावली अन हात ढिला पडला. एक हातभर दोर सरकला असन, जास्त नाही. पन खाली दगड होता. आबाचा पाय मोडला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. मरेपर्यंत ते लंगडत चालले. मले एक शब्द बोलले नाहीत. उलट दोन वर्सानं आपली पोरगी देल्ली. लोकायनं इचारलं, त्यालेच काहून देता? तं म्हनले, "आता त्याचा हात कधी सुटाचा नाही."

मी बायकोले म्हनलं, "तुह्या बापाचा शब्द मी बालिस्टरसाठी कसा मोडू?"

ती गळ हातात घेऊन उभी राह्यली. मंग म्हने, "आबा खालून वरडत, तवा तुमी आयकत होते का?"

"नाही. इहिरीत आवाज घुमते. एक मानूस पाच जनासारखा वरडते. काही समजत नाही."

"मंग त्यायले आजून खाली उतरवाचं असन तं?"

"दोराले दोन झटके देत. एक झटका म्हंजे वर घ्या, दोन म्हंजे खाली सोडा."

"अन मंग तुमी सोडत?"

"सोडत नसो का? दोन झटके आले का हात आपोआप चाले. हातावर हात, हातावर हात."

तिनं माह्याकडं असं पाह्यलं जसं आपन तलावात उभी राहूनही तहानेल्या म्हशीकडं पाहतो. "मंग त्या बालिस्टराले सांगा ना, वरडू नका म्हना. झटके द्या."

रयवारी मी सुतळी घेऊन गेलो. ड्रिल मास्तर आले होते. पायात बूट, गळ्यात शिटी, मिशा अशा का त्यायलेच लटकून पोयता येईन. मी साहेबाले म्हनलं, "एक डाव. या सुतळीचं एक टोक माह्या मनगटाले, एक तुमच्या हातात. बोलू नका. दोन झटके द्या."

मिस्त्री पोट धरून हासला. "साहेब, ये तो बैल को रस्सी लग गयी!"

साहेब मातर हासले नाहीत. इलायतेत हे शिकवलं नसन, पन वकिलाचं डोकं. त्यायनं सुतळी पाह्यली, माहं मनगट पाह्यलं, म्हनले, "बसा."

तलावाच्या मधात झपाटा आला. मनगटाले दोन झटके बसले. अन माहा हात चालला, बापा! हातावर हात, हातावर हात, शिडातला वारा गळून गेला, होडी उभी झाली. एक झटका आला, मी दोर वर घेतला, होडी पुन्हा पयाली. साहेब सुतळीकडं पाहत राह्यले, कोनता कायदा याच्यावर लागू होते ते शोधल्यासारखे.

मंग मास्तरायची पाळी आली. मास्तर हुकूम खरंच आयके. साहेबाचा आयके, मिस्त्रीचा आयके, कोनाचाही आयके. मिस्त्रीनं किनाऱ्यावरच्या कुत्र्याले "हट" म्हनलं, मास्तरनं दोर सोडला. होडी किनाऱ्याजवयच उभीच्या उभी. परत आल्यावर साहेबानं मास्तरायले चहा पाजला अन अकोल्याच्या गाडीचा टाईम सांगतला.

बडनेऱ्याहून मी आगगाडीत बसलो. अकोल्याले ते दोघं चढले. होडी मालगाडीनं आदीच गेल्ती. मुंबईले उतरल्यावर साहेब म्हनले, चला, पयले जेवून घेऊ. मी म्हनलं, पयले समुंदर. किनाऱ्यावर गेलो अन पाह्यलं तं त्याले दुसरा काठच नाही! खारा असते हे आयकलं होतं, पन आयकून बसनारा मी नाही. ओंजळभर पेलो. त्याच्यानंतर दिवसभर जेवनाची काही घाई राह्यली नाही.

शर्यतीच्या दिवशी सहा होड्या. बाकीच्यायचे कपडे पांढरेफटक, अन मी धोतराचा काचा मारलेला, मनगटाले सुतळी. एका होडीतले साहेब लोकं आमच्याकडं बोट दाखवून हासले. मीही हात केला. हासनाऱ्याले नाराज कराचं नाही.

बार झाला अन निंघालो. अन निंघाल्याबरोबर सारा घोटाळा. तलाव चूप राह्यते, समुंदर राह्यत नाही. दर लाटेले होडी उडे, साहेबाचा हात उडे, अन माह्या मनगटाले झटके. एक, दोन, एक, दोन, दोन. मी सोडून राह्यलो, ओढून राह्यलो, पुन्हा सोडून राह्यलो. शीड असं फडफडे जशी वाळत टाकलेली वाकळ. साऱ्या होड्या समोर गेल्या.

"काय करून राहिले?" साहेब वरडले.

"तुमीच झटके देऊन राह्यले!"

"मी कुठं देऊन राहिलो?"

"मंग कोन देऊन राह्यलं?"

साहेबाचं इलायती शिक्षन तथीच संपलं. अकोल्याच्या बाजारातही आयकू येत नाही अशे चार शब्द बोलून त्यायनं खिशातला चाकू काढला अन सुतळी कापून टाकली. "आता तुमी जाना अन तुमचा दोर जाने!"

मनगट रिकामं. आता झपाटा आला का हे बोटं बंद होनार, अन हा काही वडाळीचा तलाव नव्हता का गोल फिरून काठाले लागीन. मिस्त्रीनं बी हासनं बंद केलं. समोरून पान्यावर काळी सावली पयत आली. तो झपाटा.

दोर तानला. अन तवा मले समजलं का दोर कापला नव्हता, सुतळी कापली होती. दोराच्या त्या टोकाले शीड होतं, शिडात वारा होता, अन तो मले सांगून राह्यला होता. जसा खालचा मानूस सांगते, बापा, जरा उतरव. फेकून नाही द्याचं. उतरवाचं. माह्या हातानं दोर सोडला नाही. हातावर हात, हातावर हात, हातभर उतरवला. होडी कलली, थरथरली, अन उभी राह्यली. मंग मी पुन्हा वर घेतला.

मिस्त्री हळूच म्हने, "या अल्ला."

त्याच्यानंतर किती झपाटे आले मले याद नाही. एक होडी आमच्या समोर उलटी झाली, तेच हासनारे लोकं. त्यायले काढाले दुसरी बोट गेली, आमी बाजूनं निंघालो. शेवटचा टप्पा वाऱ्याच्या तोंडावर होता. उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. तोंडावर खारे शिंतोडे, डोये झोंबून राह्यले, अन समोर काठ नाही. वाराच वारा. तलावात जे घडीभरात संपे, ते इथं संपतच नव्हतं. मी तोंड उघडं टाकलं होतं का नाही, ते मिस्त्रीले इचारा.

बार झाला. आमी पाचवे. सहावी उलटलेली, म्हंजे आमी शेवटचेच, पन उभे.

साहेबानं हात कपाळावरून फिरवला. "झालं. सोडा आता."

मी दोर धरूनच.

"अहो, संपली शर्यत. सोडा."

"सोडता येते साहेब," मी म्हनलं. "आता येते. पन थोडं आजून जाऊ ना तिकडं, वाऱ्याकडं."

साहेबानं मिस्त्रीकडं पाह्यलं. मिस्त्रीनं लहान शिडाचा दोर पुन्हा तानून बांधला. साहेबानं सुकानू वळवलं. मांगं शर्यतवाल्यायच्या बोटीवरून कोनी तरी भोंगा घेऊन बोंबलून राह्यलं होतं. त्यायले वाटलं असन का वऱ्हाडातल्या या तीन येड्यायले शर्यत संपल्याचंच समजलं नाही.